चौसष्ट पॉइंट ऐंशी

१३ मे २०२५ ला दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागणार होता आणि साडेबारापासून आमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. नवऱ्याने हाफ डे टाकला होता. का, म्हटलं तर "सहज". सासूबाईंनी जपमाळ काढली होती, पण मणी काही पुढे सरकत नव्हते. लेक खिडकीत उभा राहून समोरच्या टाकीवरचे कावळे मोजत होता.

दहिसरला मे महिन्यात तशी शांतता असतेच. रावळपाडा घ्या, अशोकवन घ्या, केतकीपाडा घ्या, कोकणातली माणसं गावाला गेलेली असतात. आमच्या मजल्यावर चारपैकी दोन दारांना कुलूप होतं. पूर्वी निकाल जूनमध्ये लागायचा. तोवर माणसं आंबे-फणस घेऊन परतलेली असायची, आणि पेढे घेऊन निघालं की प्रत्येक दार उघडायचं. त्या वर्षी परीक्षाच २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि निकालही मेच्या मध्यावर आला. पेढे वाटायचे कुणाला, असा प्रश्न होता. वाटण्यासारखं काही असेल का, हा त्याच्या आधीचा. तो कुणी उच्चारत नव्हतं.

निकाल बघायला सीट नंबर लागतो आणि आईचं नाव. दहा वर्षं हजेरीपटावर मुलाच्या मागे बापाचं नाव लागतं, आडनाव बापाचं, प्रगतिपुस्तकावर सहीसुद्धा बहुतेक वेळा बापाची. आणि शेवटच्या दिवशी कुलूप उघडतं ते आईच्या नावाने. मला यात उगाच एक खुशी वाटते. या वेळी मात्र कुलूप उघडेना. माहिती सापडत नाही, असं मोबाइल सांगत राहिला. नवरा घामाघूम. मग लेकीच्या लक्षात आलं की माझ्या नावाच्या शेवटी इंग्रजीत एकच 'ए' टाकायचा होता, मी दोन टाकत होते. स्वतःचं नाव चुकल्याबद्दल घरात पहिल्यांदाच माझ्यावर कुणी ओरडलं नाही. तेवढा वेळ कुणाकडे नव्हता.

मराठी ७८. हिंदी ६६. इंग्रजी ५८. गणित ४७. विज्ञान ५५. सामाजिक शास्त्रं ६७. सहापैकी चांगले पाच विषय धरतात, त्यामुळे गणित गळालं आणि पाचशेपैकी तीनशे चोवीस झाले. चौसष्ट पॉइंट ऐंशी.

"गणितात सत्तेचाळीस?" नवरा म्हणाला. सहा विषयांत त्याला बरोबर तोच दिसला, जो हिशेबातही धरला नव्हता.

लेक म्हणाला, "ठीक आहेत." आणि परत कावळ्यांकडे वळला.

आता हे चौसष्ट पॉइंट ऐंशी म्हणजे काय? माझ्या वेळी साठच्या वर गेलं की त्याला फर्स्ट क्लास म्हणायचे आणि चाळीत ती बातमी नळावर पोचायची. मार्कशीटवर आजही साठ टक्क्यांना प्रथम श्रेणीच लिहितात, पंचाहत्तरला प्रावीण्य. कागद बदललेला नाही. पण बोलण्यातून हा शब्दच गेला. आता नव्वदला 'छान' म्हणतात, ऐंशीला 'बरं झालं', आणि चौसष्टला समोरचा माणूस क्षणभर थांबून विचारतो, "मग कॉमर्स का?" तो थांबलेला क्षण मला त्या आठवड्यात पंधरा-वीस वेळा ऐकू आला. फोनवर तर फारच स्पष्ट ऐकू येतो.

सगळे असे गप्प असताना सासूबाईंनी माळ पिशवीत ठेवली. त्या सातवी शिकलेल्या. मुंबईत चाळीस वर्षं काढली तरी मोठ्या प्रसंगाला त्यांची मालवणीच बाहेर येते. "पास झालो मां?" त्यांनी विचारलं. लेकीने हो म्हटलं. "मगे पेढे घेवन येवा की. बसलात काय असे, कोण गेल्यासारखे?"

नवरा उठला. मीही गेले, कारण मला घरात बसवेना.

स्टेशनजवळच्या मिठाईवाल्याने अर्धा आणि एक किलोचे बॉक्स आधीच बांधून थप्पी लावून ठेवले होते. दोन वाजता उन्हात रांग होती. रांगेतल्या माणसांचे टक्के चेहऱ्यावरून ओळखता येत होते. पुढचा बाप मोठ्याने फोनवर 'ब्याण्णव, ब्याण्णव' करत होता आणि दोन किलो घेऊन गेला. आमचा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या पोराने सवयीने विचारलं, "किती टक्के, साहेब?" नवऱ्याने एक सेकंद घेतला आणि म्हणाला, "एक किलो." पोराने एक किलोचा बॉक्स पुढे केला. मला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला. नंतर घरी येईपर्यंत आम्ही दोघंही हसत होतो, आणि त्या हसण्यातच त्या दिवसाचा ताण गेला. चौसष्ट पॉइंट ऐंशीला एक किलो. म्हणजे दर काही वाईट नव्हता.

घरी आल्यावर फोटो. मुलाच्या तोंडाशी पेढा धरलेला फोटो कुणी पहिल्यांदा काढला माहीत नाही, पण आमच्या लहानपणापासून तो वर्तमानपत्रात येतो. तेव्हा बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची. राज्यात पहिला, विभागात पहिली, मागासवर्गीयांत पहिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आई एका बाजूने, बाबा दुसऱ्या बाजूने आणि मधे तोंड उघडून बसलेला हुशार मुलगा. ती यादी बंद होऊन बरीच वर्षं झाली. पोझ तेवढी मागे राहिली. लेकीने मोबाइल धरला आणि आम्हाला उभं केलं. "बाबा, पेढा खाली. ओठ दिसत नाहीयेत. आई, हस. आजी, इकडे बघ, पेढ्याकडे नको." लेक तोंड उघडून उभा. दोन मिनिटांनी म्हणाला, "खाऊ का आता?" "थांब, एक उभा काढते." शेवटी त्याने वैतागून पेढा तोंडात टाकला आणि नेमका तोच फोटो बरा आला. गाल फुगलेला, डोळे मिटलेले, बापाची बोटं रिकामी.

तो फोटो आम्ही कुठेही टाकला नाही. त्या दिवशी स्टेटसला टाकायचा तर टक्के लिहावे लागतात. टक्क्यांशिवाय नुसता पेढा टाकला की लोक काय ते समजतात.

आमच्या हॉलमध्ये तोवर लेकाचा एकच फ्रेम केलेला फोटो होता. मोठ्या शिशूतला. सहा वर्षांच्या पोराला काळा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, टोपीचा गोंडा नाकावर, हातात रिबीन बांधलेली कागदाची गुंडाळी. शाळा मराठी माध्यमाची, पुढे सेमी-इंग्रजी, पण शिशुवर्गाचा 'ग्रॅज्युएशन डे' तिथेही आलेला. झग्याचं भाडं आणि फोटोचे पैसे आधी भरायचे होते. त्या दिवशी त्याने अ ते ज्ञ म्हटलं आणि पदवीधर झाला. आता खरोखरची शाळा संपली, दहा वर्षांची, तर झगा नाही, टोपी नाही, व्यासपीठ नाही. गुणपत्रिका शाळेतून आणायची आणि जाताना दोन झेरॉक्स काढायच्या. आपल्याकडे दहावी म्हणजे शाळेचा शेवट आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा बागुलबुवाही. १९७५ मध्ये जुनी अकरावी जाऊन दहावीची पहिली बॅच बाहेर पडली, तेव्हापासून प्रत्येक घरात हे वर्ष धास्तीतच साजरं झालंय, केबल आल्यावर ती काढून टाकून. आता केबलच्या जागी वायफाय.

माझी दहावी १९९४ ची. बाबा लालबागच्या गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, गिरणी परत धड उभी राहिली नाही, आणि आम्ही दहिसरला नदीकाठच्या एका चाळीत आलो. बाबा चेकनाक्याच्या बाजूला एका कारखान्यात वॉचमन लागले. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, फर्स्ट क्लास आणलास तर घड्याळ. मला एकसष्ट टक्के पडले. घड्याळ मिळालं दिवाळीत, बोनस झाल्यावर. एचएमटीचं, बारीक डायलचं, रोज चावी द्यायची. जून ते ऑक्टोबर बाबा माझ्या मनगटाकडे बघायचं टाळत होते, हे मला आता कळतं. तेव्हा नुसती चिडचिड व्हायची.

आणि फोटो. निरोप समारंभाच्या दिवशी शाळेत फोटोग्राफर आला होता. बाकांवर उभी एक रांग, खुर्च्यांवर बाई आणि सर, खाली मांडी घालून एक रांग. मी बाकांवरच्या रांगेत डावीकडून चौथी. कॉपी हवी असेल त्यांनी पंचवीस रुपये आणायचे होते. मी घरी विचारलंच नाही. त्या महिन्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. म्हणजे तो फोटो दहिसर-बोरिवलीतल्या तीस-चाळीस घरांत आहे, त्या सगळ्या घरांत मी आहे, फक्त माझ्या घरात नाही.

घरात असता तरी काय राहिलं असतं म्हणा. २६ जुलै २००५ ला दहिसर नदी आत आली. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्याचं पुढे वाचलं, आम्हाला फक्त पाणी पलंगाच्या वर आलं एवढं कळलं. आईच्या घरात काढून ठेवलेलं माझं लग्नाआधीचं सगळं त्यात गेलं. घड्याळ गेलं. अल्बमची पानं एकमेकांना चिकटली, वाळवून सोडवायला गेलो तर चेहरे निघून आले. दहावीची मार्कशीट तेवढी लॅमिनेट केलेली होती. ती चिखलातून काढून नळाखाली धुतली, टॉवेलने पुसली, परत होती तशी. माझ्या शाळेचा माझ्याकडे असलेला पुरावा तो एवढाच.

लेकीचं आणखी वेगळं. ती २०२१ ची बॅच. परीक्षाच झाली नाही. नववीचे मार्क आणि दहावीतल्या घरबसल्या चाचण्या यांवर निकाल लावला, १६ जुलैला, आणि राज्यात ९९.९५ टक्के मुलं पास झाली. तिला शहाऐंशी टक्के मिळाले. पेढ्यांचा बॉक्स घेऊन ती शेजारी गेली तर काकूंनी मास्क सावरत दारातूनच सांगितलं, "ठेव हां खुर्चीवर, नंतर घेते." अभिनंदन करणारा प्रत्येक माणूस पुढे एक 'तसं यंदा सगळेच...' जोडायचा. मुंबईतल्या शाळा तेव्हा बंदच होत्या. निरोप समारंभ नाही, साडी नाही, ग्रुप फोटो नाही. शाळा सुटली ती एका मोबाइलच्या स्क्रीनवर, तीस छोट्या चौकोनांत, त्यातले अर्धे काळे. ती याबद्दल कधी बोलायची नाही. भावाच्या निकालाच्या रात्री जेवताना एकदम म्हणाली, "याचा तरी नीट फोटो काढा."

त्या रात्री मी माझ्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ९४ चा ग्रुप फोटो कुणाकडे आहे का? विरारच्या एका मैत्रिणीने भिंतीवरच्या फ्रेमचाच मोबाइलवर फोटो काढून पाठवला. सगळे दिसत होते. बाई, सर, शिपाईकाका, खालच्या रांगेत दात काढणारी पोरं. डावीकडून चौथ्या मुलीच्या चेहऱ्यावर तिच्या घरातली ट्यूबलाइट चमकत होती. "परत काढते गं," म्हणाली, आणि विसरली. मीही आठवण केली नाही.

मग भेटवस्तूंचे दिवस सुरू झाले. पहिला फोन कणकवलीहून थोरल्या भावोजींचा. "आमचो कोकण पयलो! अठ्ठ्याण्णव पॉइंट ब्याऐंशी! तुमच्या मुंबयचा काय?" कोकण विभाग दरवर्षी पहिला येतो आणि दरवर्षी भावोजींना स्वतः पास झाल्यासारखं वाटतं. लेकाचे टक्के त्यांनी विचारले नाहीत. विसरले म्हणून की ठरवून, ते अजून कळलेलं नाही, पण त्यांच्यावरचा माझा जुना राग त्या फोनने बराच कमी झाला.

पाकिटं आली. माझ्या भावाने पाचशे एक. मावशीने एकशे एक. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राने नुसतेच पाचशे. सासूबाईंनी ते पाकीट उघडून बघितलं, काही न बोलता कमरेची पिशवी काढली आणि स्वतःचा एक रुपया त्यात टाकला. वर रुपया नसलेलं पाकीट त्यांना अर्धवट वाटतं. शून्यावर काही संपवू नये, म्हणतात. पुस्तकं आली, 'अग्निपंख' दोनदा. एकाच आठवड्यात. माझा अंदाज असा की महाराष्ट्रात दहावी पास झालेल्या प्रत्येक मुलाकडे माधुरी शानभागांनी मराठीत आणलेलं कलामांचं हे आत्मचरित्र एक तरी असतं आणि बहुतेकांनी रामेश्वरमपर्यंतचा भाग वाचलेला असतो. आमच्या लेकाने एक ठेवलं, दुसरं 'पुढच्या वर्षी कुणाला तरी द्यायला' म्हणून माझ्या कपाटात नेऊन ठेवलं. वर पेन सेट, तोही निळ्या मखमलीच्या डबीत. तो सेट कुणाकडून कुणाकडे फिरत आमच्यापर्यंत आला असेल त्याची कल्पना आहे, कारण डबीत एका चिठ्ठीवर दुसऱ्याच मुलीचं नाव होतं.

खरा प्रश्न मोबाइलचा होता. सप्टेंबरात नवरा बोलून गेला होता, ऐंशीच्या वर आणलेस तर नवा मोबाइल. आता काय? लेक विषयच काढत नव्हता, आणि त्यामुळे बापाला जास्त त्रास होत होता. मला हे अटीचं प्रकरण पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. बाबांनी मलाही अटच घातली होती हे खरं. पण ती साठची होती, आणि त्यांनी ती घालताना मी तिथवर पोचेन याची त्यांना खात्री होती असं वाटतं. ऐंशी हा आकडा आमच्या घरात आला तो वरच्या मजल्यावरून.

वरच्या मजल्यावर लेकाच्या वर्गातली मुलगी राहते. बालवाडीपासून दोघं एकत्र शाळेत गेली. तिला त्र्याण्णव टक्के. नाक्यावर तिचा बॅनर लागला. बॅनरवर साहेब एवढे मोठे, त्यांच्या दोन्ही बाजूंना सहा कार्यकर्ते त्याहून थोडे लहान, आणि खाली पासपोर्ट फोटोंच्या तीन ओळी. तिसऱ्या ओळीत ती. नाव एका काना-मात्रेने चुकलेलं. तरी तिची आई रोज भाजीला जाताना त्या बाजूने जायची. मीही गेले असते.

मंडळाच्या गुणवंत सत्काराला ऐंशीची अट होती, सोसायटीच्या सत्काराला पंचाहत्तरची. आमचा लेक दोन्हींतून बाहेर. पण मंडळाच्या कार्यक्रमाला त्या मुलीच्या आईने त्याला बोलावून नेलं, "आमचे फोटो काढ रे, तो त्यांचा फोटोग्राफर सगळ्यांना एकच पाठवतो." मी नको म्हणणार होते. लागेल त्याला, असं मला वाटलं. तो निघाला तेव्हा चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही, म्हणून गप्प बसले.

रात्री दहाला परत आला. दोन तास भाषणं, चाळीस मुलांना ट्रॉफी, गुलाब, एक बॅग आणि फाइल. त्याने आम्हाला मोबाइल दाखवला. "हे बघ, साहेब चाळीस फोटोंत एकसारखे हसतायत. मान पण तेवढीच. आणि मुलांची तोंडं ट्रॉफीमागे." मग त्याने काढलेले. एका खुर्चीवर ट्रॉफी बाजूला ठेवून समोसा खाणारा मुलगा. मांडवाच्या खांबाला टेकून डुलकी घेणारे कुणाचे तरी आजोबा. आणि त्या मुलीचा एक, आत जायच्या आधी मांडवाच्या पायरीवर काढलेला. आई तिची ओढणी पिनेने लावतेय, तोंडात दुसरी पिन, आणि मुलगी वर बघत काहीतरी पाठ करतेय, बहुधा मनोगत. तो फोटो तिच्या आईने डीपीला लावला. अजून तोच आहे.

नवऱ्याच्या डोक्यात लगेच चक्र फिरलं. "याला कॅमेराच घेऊन देऊ का? सेकंडहँड?" त्या रात्री त्याने बरीच माहिती काढली. सकाळी विचारलं तर लेक म्हणाला, "कॅमेरा? आता कोण घेतं कॅमेरा?" बापाचा चेहरा पडला. "मग मोबाइल?" "नको. हा चालतो." त्याच्या मोबाइलची काच कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी फुटलेली आहे. "मग हवंय काय तुला?"

"मला गावाला एकट्याला जायचंय. तुम्ही कुणी नको."

त्याआधी लेकीने म्हटलेला नीट फोटो बाकी होता, स्टुडिओतला. मी ठरवलं होतं. अकरावीच्या प्रवेशाला पासपोर्ट फोटो लागणारच होते, त्या निमित्ताने सगळ्यांनी जायचं. २६ मेचा सोमवार धरला आणि नेमका त्याच दिवशी मुंबईत पावसाळा सुरू झाला. मे महिन्यात! इतक्या लवकर मान्सून आल्याची नोंदच नव्हती म्हणे. पाच माणसं, तीन छत्र्या, सासूबाई रिक्षात आणि रिक्षा पुलाखाली अडकलेली. लेकीने माझी निळी पैठणी नेसली होती. का नेसलीस, विचारायची गरज नव्हती. तिने साडी घोट्याच्या वर धरून दहिसर स्टेशनचा सगळा चिखल पार केला.

स्टुडिओवाल्याने आमच्याकडे बघितलं. "पासपोर्ट? आठ की सोळा?" त्याच्याकडे आता पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि मगवर छापून देणे एवढंच चालतं. पूर्ण कुटुंबाचा फोटो म्हटल्यावर तो आत गेला, दोन स्टुलं आणि एक लाकडी खुर्ची पुसून घेऊन आला, आणि मागचा पडदा खाली ओढला तर त्यावर अजून धबधबा होता. "हाच आहे. नाहीतर पांढरा." लेक म्हणाला, "धबधबाच." बाहेर पाऊस, मागे धबधबा. लेकाच्या शर्टाची कॉलर ओली, माझ्या केसांचे झालेले झिपरे, नवऱ्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली म्हणून त्याला खुर्चीमागे उभा केला. फोटोग्राफर म्हणाला, "निमित्त काय? वाढदिवस?"

"दहावी झाला," सासूबाई म्हणाल्या.

"अरे वा. किती टक्के?"

कुणी काही बोलायच्या आत फ्लॅश पडला. त्यामुळे फोटोत आम्ही पाचही जणं उत्तर द्यायच्या तयारीत आहोत. तो परत काढू म्हणाला, परत काढला, पण मी पहिलाच घेतला. चार कॉप्या, दहा बाय बारा. एक गावाला, एक माझ्या आईकडे, एक हॉलमध्ये झग्याच्या शेजारी. चौथी लेकीने तिच्या कपाटाला आतून लावली.

लेकाचं गावचं तिकीट मिळालं सहज. मे संपला की गर्दी उलटी असते, लोक मुंबईला परतत असतात. बोरिवलीवरून जाणारी मडगाव गाडी २०२४ च्या ऑगस्टात सुरू झाली, आठवड्यातून दोनदा, आणि आम्हा पश्चिम उपनगरवाल्यांची दादर-दिव्याची दगदग वाचली. जूनच्या पहिल्या आठवड्यात पहाटे आम्ही त्याला बोरिवलीला सोडायला गेलो. त्याने दहिसर स्टेशनवरच सोडा म्हणून सांगितलं होतं, ते काही मी ऐकलं नाही. पाठीवर सॅक, हातात पिशवी. पिशवीत काकूसाठी नवे किलोभर पेढे, स्टुडिओचा फोटो पुठ्ठ्यात बांधून, आणि डबा. मी मोबाइल काढला तर म्हणाला, "आई, इथे नको ना." मोबाइल परत पर्समध्ये गेला. गाडी हलली तेव्हा तो खिडकीत नव्हता, दारातही नव्हता. आतल्या आत जागा शोधत असणार.

दिवसभर मी किती फोन केले ते सांगत नाही. रेंज नव्हती. कोकण रेल्वेच्या बोगद्यांत नसतेच, हे मलाही माहीत आहे.

रात्री जाऊबाईंचा फोन आला. "पोचलो गो झील. जेवता आसा. पण पेढ्यांच्या बॉक्सात अकराच आसत. तुमी इतक्याच घातलास?"

मी त्याला फोन द्यायला सांगितला. फोन स्पीकरवर होता, आमच्याकडे सगळे भोवती जमलेले.

"पेढे कुठे गेले रे?"

"डब्यात वाटले."

"कुणाला?"

"सगळ्यांना. समोर एक आजोबा होते, चिपळूणला उतरणारे. त्यांनी विचारलं, एकटाच कुठे चाललास. मग सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"दहावी झालो म्हणून. फर्स्ट क्लास." मधेच कुणीतरी त्याला मासा वाढला असावा, नको नको म्हणाला. "आणि आई, त्यांनी मला पन्नास रुपये दिले. मी घेत नव्हतो. ते म्हणाले, मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नसतं. मग घेतले."

"वर रुपयो होतो काय?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"सुटे नव्हते म्हणाले, आजी."